निशाणी नांगर

वडील गेल्यानंतर घरातील जुनी लाकडी पेटी माझ्या वाट्याला आली. भावंडांमध्ये मराठीची प्राध्यापक मीच, तेव्हा पेटीतील कागद मला वाचता येतील अशी सर्वांची समजूत होती. ती खरी नव्हती. एम.ए.ला असताना मोडी लिपीविषयी आम्ही टिपणे लिहिली होती. मोडी वाचायला मात्र कुणी शिकवले नव्हते. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी ती शिकले, आणि पुढे वर्षभर सुट्टीच्या दिवशी एकेक रुमाल सोडत बसले.

आमचे घराणे भीमथडी तालुक्यातील एका गावचे कुलकर्णी. त्या पेटीबद्दल आजी एक गोष्ट नेहमी सांगे. दंग्याच्या साली, म्हणजे १८७५मध्ये, खापरपणजोबांनी हे कागद पोत्यात बांधून धान्याच्या पेवात उतरवले आणि वर ज्वारी ओतली, म्हणून ते वाचले. लहानपणी आम्ही ही हकिकत एखाद्या किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट ऐकावी तशी ऐकत असू. कागद कुणापासून वाचवले, आणि ते जाळायला कुणी का यावे, हे आम्ही कधी विचारले नाही. आजीनेही सांगितले नाही.

उत्तर तसे इतिहासाच्या पुस्तकात आहे. १८१८मध्ये पेशवाई गेली आणि हा मुलूख कंपनीच्या मुंबई इलाख्यात सामील झाला. १८३६मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमाबंदी सुरू झाली. जमिनीचा कस पाहून शेतवार आकार ठरला आणि तीस वर्षांसाठी कायम झाला. रयतवारी पद्धतीत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार नव्हता. पण सारा रोख रकमेत, ठरल्या हप्त्याला चावडीवर भरावा लागे. पीक हाती येवो न येवो, हप्त्याची तारीख येई, आणि त्या दिवशी रोकड असे ती सावकाराकडे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून इंदापूर-भीमथडीत वाढीव आकार लागू झाला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि दंगा पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरला. पुष्कळ गावांत जमावाची मागणी एकच होती : रोखे बाहेर काढा. ते हाती आले की तिथेच त्यांची होळी होई. माणसांना इजा करण्याचे प्रकार त्या मानाने कमी झाले. जाळायचे होते ते कागद.

आमच्या पेटीतील कागद सावकाराचे नव्हेत. 'आपण सावकारी कधी केली नाही, आपण फक्त लिहीत असू,' असे वडील अभिमानाने म्हणत, आणि ते खरे आहे. पेटीत आहेत त्या खापरपणजोबांनी इतरांसाठी लिहिलेल्या रोख्यांच्या नकला, काही मसुदे, आणि लिहिणावळीचा हिशेब. एका रोख्याचे चार आणे, गहाणखताचे आठ आणे, अशा नोंदी पानामागून पाने चालल्या आहेत. अक्षर सुंदर आहे. शिरोरेषा आधी आखलेली, आणि तिच्याखाली लेखणी न उचलता धावणारे वळण. मला प्रथम त्या अक्षराचाच मोह पडला, हे कबूल केले पाहिजे.

त्यांतील एक नक्कल शके १७९४च्या मार्गशीर्षातील, म्हणजे १८७२ सालची आहे. लिहून देणाऱ्याचे नाव इथे देत नाही. त्यांचे वंशज आजही त्याच गावी शेती करतात. 'मी' घरखर्चास साठ रुपये रोख घेतले ते पावले, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, असा मजकूर आहे. नक्कल उलटून पाहिली तेव्हा मागच्या बाजूला त्याच हाताने, बारीक अक्षरात केलेला हिशेब दिसला : मागील मुद्दल ३५ रुपये, तीन वर्षांचे व्याज २५ रुपये ३ आणे, आणे सोडून ६०. म्हणजे त्या दिवशी एक पैसाही कुणी कुणाला दिला नव्हता.

असे का होई, हे कायद्याच्या इतिहासातून कळते. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग पडले. हेतू ऋणकोच्या डोक्यावरचे जुने ओझे उतरावे हा. प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा करून घेई, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल होऊन बसे. मुनसफाच्या कोर्टात असा रोखा दाखल झाला की समन्सला घाबरून शेतकरी हजरच राहत नसे. बहुतेक दावे एकतर्फी निकालात निघत आणि मग जप्ती येई. दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यात पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांपुरता न्यायाधीशाला अधिकार मिळाला, की रोख्यात काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जावे. सरकारलाही मान्य करावे लागले होते, की त्या कागदांतील गद्य खरे बोलेलच असे नाही.

आणि ते गद्य माझ्या घरात लिहिले गेले होते. मागच्या बाजूचा हिशेब ज्याने मांडला, त्यानेच पुढच्या बाजूला 'रोख पावले' असे लिहिले. अजाणतेपणाची सबब तिथे उरत नाही.

आणखी एका कागदाने मला अधिक अस्वस्थ केले. तो एक कोरा मसुदा आहे. 'लिहून देणार' याच्यापुढे नावाची जागा मोकळी, रकमेची जागा मोकळी. बाकी सर्व वाक्ये तयार. 'मी' आपल्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून देतो, सबब हा रोखा लिहून दिला सही. माणूस अजून ओसरीवर आलेला नाही, त्याचा 'मी' मात्र लिहून झालेला आहे.

मी वर्गात एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवते. 'दर्पण' १८३२चे, लोकहितवादींची शतपत्रे १८४८पासूनची, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची. मराठी गद्यात 'मी' कसा अवतरला, यावर माझे ठरलेले व्याख्यान आहे. मुद्रण, मिशनरी, शाळा, व्यक्तिवाद असे त्याचे टप्पे पडतात. त्या व्याख्यानात हा मसुदा कुठे बसवावा, हे मला कळेना. त्या काळी सामान्य कुणब्याच्या आयुष्याशी ज्या मराठी गद्याचा खरोखर संबंध आला ते हे : चावडीवरची पावती, मामलेदाराचा हुकूम, कोर्टाचे समन्स आणि हा रोखा. त्यांपैकी एकात तो स्वतः प्रथमपुरुषी बोलत होता, आणि तेही त्याला वाचता येत नव्हते. महात्मा फुल्यांनी १८८३मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना कचेऱ्यांतील भटकामगारांवर जो प्रहार केला, तो मी वर्षानुवर्षे शैलीचे उदाहरण म्हणून शिकवत आले. त्या प्रहाराच्या टप्प्यात माझे घर येते, हे ध्यानी यायला ही पेटी उघडावी लागली.

या वर्षी तो मसुदा देवनागरीत उतरवून मी वर्गात नेला. जुना गद्यनमुना म्हणून मुलांना कठीण जाईल अशी माझी अटकळ होती. मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, ''मॅडम, यात कठीण काय आहे? आमच्या खरेदीखतात अजून हेच असतं. लिहून देणार, लिहून घेणार. आजोबांनी मला वाचायला लावलं होतं, अंगठा देण्याआधी.'' वर्ग सहज हसला. मी हसू शकले नाही. वाचून दाखवायला त्या आजोबांना घरचे माणूस मिळाले होते.

लिहिणावळीच्या हिशेबाच्या शेवटी खापरपणजोबांचा एक खर्च नोंदलेला आहे : मुलाची पुण्यातील शाळेची फी आणि पाटी. त्या मुलापासून आमच्या घरात शिक्षक झाले, आणि पाचव्या पिढीत मी. ते चार आणे परत करण्याचा कोणताही मार्ग मला दिसत नाही. खापरपणजोबांना आज माझ्या कोर्टात उभे करून एकतर्फी निकाल द्यावा, असेही वाटत नाही. त्यांची बाजू मांडायला तेही हजर नाहीत. पेटी एखाद्या दप्तरखान्याच्या स्वाधीन करावी, असे मात्र ठरवले आहे. भावाचे म्हणणे, नकलांच्या मागचे हिशेब कशाला दाखवायचे? मी दोन्ही बाजू देणार आहे.

त्या साठ रुपयांच्या रोख्याखाली सहीच्या जागी 'निशाणी नांगर' असे लिहून शेजारी छोटासा नांगर काढला आहे. कुणब्याची सही म्हणजे नांगर, हा त्या काळचा रिवाज. मला वाटले होते, निदान एवढी रेघ तरी त्याच्या हातची असेल. भिंग घेऊन पाहिले. हा कागद नक्कल. तेव्हा शाई तीच, लेखणीचा काट तोच, आणि हातही तोच.