पेणचा गणपती परदेशी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की तासाभरात पेण येते. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाडीपर्यंत पसरलेली खारजमीन. पण पेणची खरी ओळख पटते ती कुंभार आळीत. दिवाळीच्या दिवसांत इतरत्र कुणाला गणपतीची आठवणही नसते; इथे मात्र ओसरीवर, फळ्यांवर, माळ्यावर बिनरंगाचे गणपती ओळीने बसलेले! परदेशी जाणाऱ्या मूर्ती आगबोटीने जातात, तेव्हा त्यांची तयारी कितीतरी महिने आधी करावी लागते.

दोन वर्षांपूर्वी अशीच वीतभर उंचीची शाडूची मूर्ती मी अमेरिकेला नेली होती. माझ्या आजोळच्या शेजारी तात्या मूर्तिकार राहतात. आजीने ती त्यांच्याकडून मुद्दाम करवून घेतली होती.

माझे कॉलेज ओहायोतल्या एका लहानशा गावात. तिथे प्राध्यापकांना चक्क नावाने हाक मारतात! हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. पण खरा धक्का दिला पहिल्या परीक्षेने. प्रश्नपत्रिका वाटून बाई वर्गाबाहेर निघून गेल्या. आम्ही फक्त एका वाक्याखाली सही करायची: ‘मी कुणाची मदत घेतली नाही व दिली नाही.’ कुणी मान वर करून पाहील तर शपथ! विश्वासाची केवढी ही ताकद, असे मी फोनवर आजीला ऐटीत सांगितले.

“ते असू दे. बाप्पा सुखरूप पोचला ना?” आजीने विचारले.

“हो आजी,” मी म्हणाले.

प्रवासातच मूर्तीचा उजवा हात मनगटापासून निखळला होता. चतुर्थीला मी सुपारी मांडून पूजा केली आणि फोनच्या पडद्यावर आजीला मूर्तीची डावी बाजू तेवढी दाखविली. पुढे विसर्जन झाल्याचेही सांगून टाकले. मूर्ती मात्र स्वेटरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी.

नाताळच्या सुटीत वसतिगृह ओस पडले, तेव्हा मी आनंदीबाई जोशींचे चरित्र वाचले. आमच्या शेजारच्या अलिबागेस काही काळ राहिलेली ही मुलगी १८८३ साली, अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेली. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारली. पत्र पोचायला तेव्हा आठवडे लागत; तरी नवऱ्याला ती मनातले रोखठोक लिही. आणि माझ्या हातात फोन असून मी आजीशी खोटे बोलत होते!

अभ्यासक्रम पुरा करून या दिवाळीला परतले, ती थेट पेणला. आजीसमोरच ती मूर्ती तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

“प्राणप्रतिष्ठा केली नव्हतीस ना?” तात्यांनी विचारले.

“नाही.”

“मग ही माती आहे, पोरी.” त्यांनी मूर्ती पाण्याच्या घमेल्यात अलगद सोडली. “भिजली की पुन्हा गणपतीच होईल.”

आजी हसून म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. तात्यांच्या गणपतीची एकच बाजू कोण दाखवील? म्हटलं, सांगेल आपणहून.”

त्या बाईंसारखीच आजीही प्रश्नपत्रिका देऊन बाहेर गेली होती. मी सही करायला तेवढा उशीर केला.