अवतरणातलं कंपायलर वाचत नाही

सी भाषेच्या प्रोग्रॅममध्ये असेम्ब्लीच्या दोन ओळी घुसवल्या, तर जीसीसी हा कंपायलर त्यांचा अर्थ लावत बसत नाही. अवतरणचिन्हांतला मजकूर त्याच्या लेखी नुसती अक्षरं. %० आणि %१ च्या जागी प्रोसेसरच्या रजिस्टरांची नावं भरायची आणि मजकूर असेम्ब्लरकडे सरकवायचा, झालं. त्याचा सगळा भरवसा पुढच्या तीन रकान्यांवर: बाहेर काय येणार, आत काय जाणार, मधल्या मधे काय बिघडणार. या तिसऱ्याला म्हणतात क्लॉबर.

आता लोकलचंच बघा. खोपोलीला ती रिकामी मिळते. पुढे अंबरनाथ-कल्याणकडे ‘कुठे उतरणार?’ सुरू होतं. सांगणारा उठणारच, या हिशेबाने पुढचा उभा राहतो. जीसीसीही असंच धरतो की आतले सगळे आकडे वाचून झाल्यावरच उत्तर लिहिलं जाईल, आणि दोघांना खुशाल एकच रजिस्टर देतो. तुमची पहिली आज्ञा उत्तर लिहिते आणि तिसरी आतला आकडा वाचते, असं असेल तर पहिला प्रवासी बसलेला असतानाच दुसरा मांडीवर! त्यासाठी उत्तराच्या खुणेत & घालायचं. एवढंसं चिन्ह, पण सहज राहून जातं.

शेजारच्या मुलाचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट: आर्डुइनो ऊनोवर पाण्याच्या टाकीची पातळी. वेग हवा म्हणून गुणाकार असेम्ब्लीत. (टाकी भरायला तासभर लागतो, वेग कशाला, हे विचारलं नाही.) ऊनोतल्या एव्हीआर चिपला ३२ रजिस्टरं, आर० ते आर३१. तिचा जीसीसी आर१ मध्ये कायम शून्यच आहे असं मानून कोड लिहितो. आणि गुणाकाराची ‘म्यूल’ आज्ञा उत्तर ठेवते आर१-आर० याच जोडीत! क्लॉबरमध्ये आर१ लिहूनही भागत नाही; उत्तर उचललं की आर१ स्वतः शून्य करावं लागतं. नाही केलं तर गुणाकार बरोबर येतो आणि भलत्याच फंक्शनमधली बेरीज चुकते. तिथे कितीही शोधा, काही सापडत नाही.

असाच दुसरा सापळा म्हणजे ६४-बिट इंटेलवर लिनक्सला हाक मारणारी ‘सिसकॉल’ आज्ञा. तिच्यात एकाही रजिस्टरचं नाव दिसत नाही. तरी प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग आर११ मध्ये टाकतो. दोन्ही क्लॉबरमध्ये हवीतच.

ग्रेगरी चैतिन यांनी आयबीएममध्ये १९८१ च्या सुमारास कंपायलरचं रजिस्टरवाटप आलेख रंगवण्याच्या गणितावर बसवलं: एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन किमतींना एकच रंग, म्हणजे एकच रजिस्टर, नाही. कोणती किंमत कुठवर जिवंत, हे ठरवणारं शास्त्र म्हणजे डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस. त्यावर आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांचं २००९ चं इंग्रजी पुस्तक आहे. पवईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरमधून जीसीसीचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळाही झाल्या. खोपोलीहून दोन-अडीच तासांच्या लोकलवर हे झालं, ही गोष्ट इकडच्या पोरांना क्वचितच ठाऊक असते. पण हे सगळं गणित असेम्ब्लीच्या ओळीपाशी थांबतं. तिथे जिवंत कोण, हे त्याला रकान्यांवरूनच कळतं.

ऑप्टिमायझेशन बंद असताना बहुतेक किमती स्टॅकवरच राहतात, म्हणून खोटा रकानाही खपतो. ओ२ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की त्या रजिस्टरात मुक्कामाला येतात आणि प्रोग्रॅम कोसळतो. शिव्या मात्र कंपायलरला.

मायक्रोसॉफ्टने ६४-बिट कंपायलरमध्ये सीत असेम्ब्ली घुसवायची सोयच ठेवली नाही. बदल्यात तयार इन्ट्रिन्सिक फंक्शनं दिली. मला ते पटतं. टाकीवाल्या मुलाला पटलेलं नाही.