शिक्का आणि नातें

‘अधिकृत’ हा शब्द कानीं पडतांच माझ्या डोळ्यांपुढें लाखेचा शिक्का उभा राहतो. शिक्का आहे तेथें शंकेला जागा नाहीं, अशी आम्हां मध्यमवर्गीयांची बाळबोध श्रद्धा! परंतु शिक्का मारणारा राजाच जेथें नाहीं, तेथें अधिकृत कोणाला म्हणावें? हा प्रश्न माझ्या मनांत ज्या मंडळींनीं उभा केला, ती ना राजकारणी, ना धर्मशास्त्री. ती आहेत मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी.

त्यांच्या जगांतला मूळ नियमच मोठा गमतीचा आहे. लिहिलेला कोड सर्वांना खुला. कोणींहि तो उचलावा, बदलावा, त्याला नवी जोड द्यावी. मग एका झाडाला शेंकडों फांद्या फुटतात आणि घरची फांदी कोणती नि बांडगूळ कोणतें, हें ठरविण्याची पाळी येते.

‘ओपनस्टॅक’चेंच उदाहरण घ्या. पुष्कळ संगणक एकत्र जुंपून त्यांची शक्ति लागेल तशी वाटून देणारें हें सॉफ्टवेअर २०१० सालीं नासा आणि रॅकस्पेस यांच्या सहकार्यानें जन्मलें. आरंभीं त्याचे मुख्य भाग दोनच, ‘नोव्हा’ आणि ‘स्विफ्ट’. पुढें परिवार वाढला, तशी उमेदवारीची पद्धत आली. नव्या उपप्रकल्पानें अर्ज करावा, कांहीं काळ उमेदवारींत काढावा आणि कामकऱ्यांनींच निवडलेल्या तांत्रिक समितीला पसंत पडल्यास दर सहा महिन्यांनीं निघणाऱ्या एकत्रित आवृत्तींत स्थान मिळवावें. पद्धत शिस्तीची खरी; पण चांचणी, माहितीपुस्तकें, प्रकाशन यांचा भार वाहणारीं सामाईक पथकें थोडकीं, आणि पंगतीला बसणारे मात्र वाढतच गेले. शिवाय ‘समाविष्ट’ म्हणजे ‘उत्तम’ असा अर्थ बाहेरचे लोक काढूं लागले. एकाच शिक्क्यावर नात्याचा, गुणवत्तेचा आणि सोयीचा असा तिहेरी भार पडला.

डिसेंबर २०१४ मध्यें समितीनें हा गुंता सोडविण्याचें मनावर घेतलें. प्रकल्प पक्व झाला आहे काय, हा प्रश्न तिनें बाजूस ठेवला आणि विचारलें, हे लोक आपल्या रीतीनें काम करतात काय? कोड खुला, आराखडा खुला, विकास खुला आणि समाज खुला, ह्या चार कसोट्या. बैठकींचीं टिपणें सर्वांना पाहतां यावींत, म्होरक्या निवडून यावा, समितीची देखरेख मान्य असावी. पक्वता दाखविण्यासाठीं वेगळ्या खुणा ठरल्या.

मंडप मोठा झाला, तशी कुरकुरहि झाली. सगळेच अधिकृत, तर अधिकृतपणाला किंमत काय? ही तक्रार अगदींच पोकळ नव्हती. नवख्याला कोणता भाग घ्यावा हें उमगेना. तरी दार सताड उघडें नव्हतें. २०१६ सालीं ‘पॉपी’ नांवाच्या प्रकल्पाच्या अर्जावरून बराच खल झाला. त्याचा कोड खुला होता. पण तो चालावयाचा खासगी कंपन्यांच्या विकाऊ सेवांच्या आधारें. समितीनें त्याला आंत घेतलें नाहीं. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्याचें कुलूप आपलें पण किल्ली परक्याची, तें घर आपलें कसें म्हणावें?

आमच्या दत्तकाच्या कायद्यांतहि हाच विवेक आहे. १९५६ च्या कायद्यानें दत्तहोम आवश्यक मानला नाहीं. मुलाला प्रत्यक्ष देणें आणि घेणें मात्र आवश्यक ठरविलें. होम हा शिक्का झाला. देणेंघेणें हें नातें.

आणि हें घेणें दोहों बाजूंचें असतें. अनधिकृत प्रकल्पांसाठीं त्याच मंडळींनीं ‘स्टॅकफोर्ज’ नांवाची ओसरी ठेविली होती. तेथें अवजारें तींच मिळत. मग मान्यतेनें अधिक काय पदरांत पडे? एक बंधन: चार जणांनीं दार लावून कांहीं ठरवावयाचें नाहीं. आणि एक अधिकार: त्या प्रकल्पांत काम करणाऱ्याला समितीच्या निवडणुकींत मत मिळे. काल जो शिक्क्यासाठीं ओसरीवर तिष्ठत होता, तो आज शिक्का कोणाच्या हातीं असावा हें ठरविणारांत बसला! राजा नसलेल्या राज्यांत अधिकृतपणाला याहून निराळा अर्थ असूं शकेल, असें मला वाटत नाहीं. आमच्या सभा-संस्थांच्या पाट्यांवर ‘अधिकृत’ हा शब्द वाचतांना आतां मी मनांत एवढेंच विचारतों, येथें काम करणाऱ्याला मत आहे काय?