भिवंडी रोड ते वसई रोड : व्यसनमुक्तीची वाट

दारूच्या विळख्यातून सुटू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने एकेक दिवस दारूविना काढायचा, ही ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अर्थात ‘एए’ची रीत. ही रीत मुंबईच्या परिसरात कशी रुजली, हे जाणून घ्यायचे तर भिवंडी रोड स्थानकातून वसईची गाडी धरावी. दिवा-वसई मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. वेळापत्रक पाहूनच निघावे.

स्थानक अंजूर फाट्याजवळ आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. घरदार गावी ठेवून आलेले कामगार बारा-बारा तासांची पाळी करतात आणि भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवतात. एएचा जन्मही अशाच एका कारखानदारीच्या शहरात झाला: अमेरिकेतील ओहायो राज्यातले टायरचे शहर अ‍ॅक्रन.

मे 1935 मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस कामानिमित्त तेथे आला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि आपल्यासारखाच एखादा मद्यपी बोलायला मिळेल का, याची चौकशी करू लागला. गुडइयर कंपनीच्या संस्थापकाची सून हेन्रिएटा सायबरलिंग हिने 12 मे रोजी आपल्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली. पंधरा मिनिटे बसण्याच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री अकरानंतर उठले. बिलने उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टरांनी शेवटचा प्याला 10 जून 1935 रोजी घेतला. तोच एएचा स्थापनादिन मानला जातो.

गाडी खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी खाजणांच्या कडेने वसईकडे जाते. हा मुलूख इतिहासाचा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली; त्या मोहिमेसाठी खटपट करणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक होते. ताडी-माडीही इथली जुनीच.

तिकडे अमेरिकेत 1939 मध्ये एएचे पुस्तक निघाले आणि त्यातून व्यसनमुक्तीच्या ‘बारा पायऱ्या’ सर्वदूर पोहोचल्या. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ने एएवर लेख छापला, सुमारे 2,000 असलेली सभासदसंख्या वर्षअखेर 8,000 वर गेली. 1957 मध्ये एए भारतात आली आणि मुंबईत तिचे समूह सुरू झाले. त्या वेळी मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी होती, तरी हातभट्टी चालूच होती. कायद्याने दुकाने बंद झाली. तलफ आवरायला मात्र सोबती लागत होता.

हीच वाट पुढे उपचारकेंद्रांनी धरली. स्वतः मद्यपाशातून बाहेर पडलेले फादर जोसेफ परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. बारा पायऱ्यांना त्यांनी अय्यंगार योगाची जोड दिली. कृपाचे एक केंद्र वसईत आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची देणगी होती.

एएची सभा अगदी साधी असते. एखादी शाळेची किंवा चर्चची खोली, मांडलेल्या खुर्च्या, चहा. बोलणारा फक्त पहिले नाव सांगतो आणि पुढे म्हणतो, “मी मद्यपी आहे.” बाकीचे मधे न बोलता ऐकतात. संकल्प जन्मभराचा नसतो. आजच्या दिवसापुरता पहिला प्याला टाळायचा, एवढाच. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी घेतली जात नाही. फी नाही, जातधर्म विचारला जात नाही. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा पुरते. घरात कुणी पिणारे असेल, तर त्याला हे एकदा जरूर सांगावे.