गाडीच्या पोटांतला गंज

जुन्या मोटारगाड्यांचे शौकी लोक इंजिनाविषयीं तासन् तास बोलतील, रंगाविषयीं वाद घालतील. पण पेट्रोलच्या टाकीचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. ती बिचारी गाडीच्या पोटाखालीं, चिखलाकडे तोंड करून, वर्षानुवर्षें निमूटपणें आपलें काम करीत असते. तिची आठवण व्हावयाची ती जमिनीवर थेंब पडूं लागल्यावर! त्यांतून गाडी वर्सोव्यास असली तर हे थेंब लौकरच पडतात. येथील खाऱ्या वाऱ्यानें खिडक्यांचे गज जेथें चार पावसाळ्यांत झिजतात, तेथें पातळ पत्र्याच्या टाकीची काय कथा?

आमच्या घरची विलिस स्टेशन वॅगन वडिलांनीं जुनी म्हणूनच विकत घेतलेली. ही गाडी अमेरिकेंत १९४६ सालीं प्रथम निघाली, तेव्हां तिची नवलाई अशी कीं, पूर्वीच्या स्टेशन वॅगनींची मागील बांधणी लांकडी असे, तर हिची सर्वस्वी पोलादी होती. नांवाप्रमाणें तिचें कामहि स्टेशनाचेंच. वर्सोव्यास मेट्रो आली ती ८ जून २०१४ रोजीं. तोंपर्यंत गांवाहून येणारीं माणसें, बोचकीं, फणस व लोणच्याच्या बरण्या अंधेरी स्टेशनावरून घरीं आणण्याचें पुण्यकर्म तिच्याकडे असे.

खारा वारा टाकीस बाहेरून खातो हें खरें. पण ती मरते बहुधा आंतून. अर्धवट रिकाम्या टाकींत दमट हवा शिरते, रात्रींच्या गारव्यानें तिचें दंव होतें, आणि पाणी पेट्रोलपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं बसून पत्रा कुरतडूं लागतें. पूर्वीचे कारखानदार या पत्र्यास शिसें व कथील यांचा लेप देत. आमच्या वाचकभगिनींनीं ती टाकीची कल्हईच समजावी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक कळकतें, तशीच कांहींशी गत येथें होते.

त्यांत आतां पेट्रोलांत मद्यार्क आला. उसाच्या मळीपासून व रसापासून, तसाच धान्यापासूनहि काढलेला मद्यार्क इंधनांत मिसळण्याची कल्पना नवी नाहीं. त्याविषयींचा कायदा १९४८ सालींच झाला होता. परंतु शेंकडा २० हें प्रमाण देशांत गांठलें गेलें तें २०२५ सालीं. ऊस पिकविणारास त्यांत चार पैसे मिळतात, परदेशी तेलाचा खर्च वांचतो, हें आम्हांस मान्य आहे. पण निर्व्यसनी घरांत वाढलेल्या या गाडीस म्हातारपणीं तें पेय मानवत नाहीं, त्यास काय करावें? मद्यार्क पाणी ओढून घेतो. तें मर्यादेबाहेर झालें कीं दोघेहि पेट्रोलशीं फारकत घेऊन तळ गांठतात. जुन्या रबरी नळ्या फुगतात, आणि टाकीस आंतून दिलेले कित्येक जुने लेप सुटून त्यांचे पापुद्रे नळींत अडकतात.

थेंब पडूं लागले तेव्हां, टाकी बदलावयाची नाहीं, हीच दुरुस्त करावयाची, असा आमच्या अण्णांचा आग्रह पडला. ते आमचे थोरले बंधू. वय ऐंशीच्या पुढें. त्यांच्या हातीं सरकारी मुद्दाहि होता. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी मिळते. मात्र गाडी मूळ रूपांत हवी. सूनबाईंनीं नियम वाचून दाखविला, कीं त्यांत सांगाडा, वरची बांधणी व इंजिन यांतील फेरफारांचा उल्लेख आहे, टाकीचा नाहीं. अण्णांनीं ऐकलें आणि चष्मा पुसला, एवढेंच.

टाकी उतरवून आमचा पुतण्या एका कारागिराकडे घेऊन गेला. “रिकामी तर आहे, भीति कसली?” असें म्हणून तो गृहस्थ थेट वेल्डिंगची ज्योत पेटवूं लागला! पुतण्यानें त्याचा हात धरला म्हणून बरें. वाचकांनीं एवढें पक्कें ध्यानांत ठेवावें, कीं रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून भयंकर. काठोकाठ भरलेलींत हवाच नसते; रिकामींत पेट्रोलची वाफ हवेशीं शेंकडा सुमारें दीड ते साडेसात या प्रमाणांत मिसळली कीं ती ठिणगीचीच वाट पाहत बसते. गंजाच्या खपल्यांत व सांध्यांत मुरलेलें पेट्रोल कित्येक दिवस वाफ सोडीत राहतें. डाख द्यावयाचा तोहि टाकी साबणाच्या पाण्यानें व वाफेनें पुनःपुन्हां धुऊन, दूर तापविलेल्या लोखंडानेंच देणें इष्ट.

टाकी घरीं परत आली. गंज काढण्यास इलाज केला तोहि उसाचाच. एक भाग मळी व नऊ भाग पाणी असें मिश्रण दोन आठवडे टाकींत भरून ठेवलें, कीं तें गंज हळूहळू विरघळवितें व चांगल्या लोखंडास फारसें शिवत नाहीं. वास मात्र असा सुटला, कीं सुकत्या बोंबलांस सरावलेल्या आमच्या वहिनींनींहि मागील दार लावून घेतलें. पंधराव्या दिवशीं टाकी धुऊन उन्हाकडे धरली, तों तळांतून तारांगण दिसलें! इतके दिवस गंजानेंच भोकें बुजविलीं होतीं. सूनबाईंनीं स्क्रूड्रायव्हर अण्णांच्याच हातीं दिला. त्यांनीं तळाशीं जरा दाबला. तो मुठीपर्यंत आंत गेला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “नवी करा. पण तोंड आणि झांकण हेंच बसवा. दादा त्यांतूनच पेट्रोल भरीत.”

तयार टाकी मिळण्याजोगी नव्हती. जुन्या जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीं, वॅगनची मागें. एकीची दुसरीस लागत नाहीं. शेवटीं जुन्या टाकीच्या मापानें स्टेनलेस स्टीलची करून घेतली. वळणावर पेट्रोल हिंदकळूं नये म्हणून आंत आडवे पडदे असतात. कारागीर ते गाळूं पाहतात, तेव्हां समोर उभें राहून बसवून घ्यावे. हवा येण्याजाण्याची बारीक नळीहि विसरूं नये, नाहींतर पेट्रोल उतरत नाहीं. मद्यार्क सोसणाऱ्या नव्या नळ्या घातल्या, आणि पावसाळ्यांत टाकी नेहमीं भरलेली ठेवावयाची असें ठरविलें. जुनें तोंड कथलाचा डाख देऊन नव्या पत्र्यावर बसविलें. रंग थोडा विजोड दिसतो.

पेट्रोल भरल्यावर गाडीखालीं आठ दिवस वर्तमानपत्र पसरून ठेवलें होतें. रोज सकाळीं चहापूर्वीं अण्णा काठी टेकीत जात, वांकून कागद पाहत, आणि परत येऊन म्हणत, “कोरडा.”