विसाव्याचे पाच महिने

व्यापारी घरात मालाची काळजी विशेष घेतली जाते ती दोन वेळा, माल आत येताना आणि बाहेर जाताना. मधला काळ, म्हणजे माल गोदामात नुसता पडून असण्याचा काळ, बहुधा दुर्लक्षित राहतो. वास्तविक नुकसान याच काळात होते. ओल चढते, कीड लागते, उंदीर शिरतात, आणि वर्षअखेरीस मालाची मोजदाद करताना तूट हाती येते. सांगलीच्या हळद पेठेत चार दशके अडत चालविलेल्या अण्णांना हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. परंतु हाच नियम त्यांना जर्मनीत, मुलाच्या मोटारगाडीच्या निमित्ताने, पुन्हा एकदा पारखून पाहावा लागला.

अण्णांचा मुलगा व सूनबाई श्टुटगार्ट शहरानजीक राहतात. दोघेही उपनगरी रेल्वेने नोकरीस जातात. मुलाजवळ दोन आसनांची, कापडी छताची एक जुनी माझ्दा एमएक्स-५ ही स्पोर्ट्‌स कार आहे. कातड्याच्या बैठकीवर बसणे घरात कोणालाच मानवणारे नव्हते, म्हणून कापडी बैठकांची गाडी त्याने मुद्दाम शोधून घेतली. ही गाडी वर्षातून सातच महिने रस्त्यावर येते. जर्मनीत १९९७ पासून हंगामी क्रमांकपट्टीची सोय आहे. पट्टीच्या उजव्या कडेस ०४ आणि १० हे आकडे असले, की १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढाच काळ ती गाडी चालविता येते. कर व विम्याचा हप्ताही तेवढ्याच महिन्यांचा पडतो. उरलेल्या काळात ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करणेही चालत नाही. तेथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळतो, पण ते खारे पाणी गाडीच्या तळाचे लोखंड खाते. उन्हाळी टायरचे रबरही साधारण ७ अंशांखाली कडक होऊन त्याची पकड कमी होते. म्हणून अशा गाड्यांना हिवाळाभर विश्रांती देण्याची तिकडे रीतच पडली आहे.

ऑक्टोबरमध्ये अण्णा तेथे गेले आणि त्यांनी विचारले, "अरे, पाच महिने बंदच ठेवायची, तर बाळगायची कशाला?"

हा प्रश्न केवळ खर्चाचा नव्हता. भोगोपभोगपरिमाण व्रतात एकदाच भोगावयाच्या वस्तू आणि पुनःपुन्हा वापरावयाच्या वस्तू वेगवेगळ्या मोजल्या जातात. वाहन दुसऱ्या प्रकारात मोडते. अण्णांनी आपल्यापुरती वाहनांची मर्यादा फार पूर्वीच घालून घेतली होती. मुलाने वाद घातला नाही. तो एवढेच म्हणाला, "अण्णा, दोन दिवस माझ्याबरोबर या. मग काय ते सांगा."

पहिला दिवस भाड्याच्या कार्यशाळेत गेला. गाडी वर उचलण्याचे यंत्र व अवजारे तासावर देणाऱ्या अशा कार्यशाळा जर्मनीत ठिकठिकाणी आहेत. आधी तळासह संपूर्ण गाडी धुऊन कोरडी केली. छताचे पाणी वाहून नेणारी आसनांमागील छिद्रे मोकळी केली. ती पानांनी बुजली, तर पाणी आत साचून पत्रा गंजतो. नंतर इंजिन गरम असताना तेल व तेलाचा फिल्टर बदलला. अण्णांना वाटले, गाडी बाहेर काढताना नवे तेल घालणे अधिक फायद्याचे. मुलाने समजावले, "वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी उतरलेले असते, अण्णा. तेच पाच महिने आत राहिले, तर धातू खराब होतो." हे त्यांना तत्काळ पटले. जुनी देणी चुकती करूनच नवी वही उघडायची, हा त्यांचा स्वतःचा शिरस्ता होता. काढलेले तेल मुलाने विक्रेत्याकडे परत दिले. जितके तेल विकले, तितके जुने तेल परत घेणे तेथे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलण्याची पाळी होती, तेही काम झाले. कूलंट किती थंडी सोसेल हे मापून पाहिले, आणि एक थेंबही जमिनीवर राहू दिला नाही. कूलंटमधील ग्लायकोल चवीला गोड असते, मांजर वा कुत्रे ते चाटते, आणि थोड्या मात्रेनेही दगावते.

दुसऱ्या दिवशी गाडी विसाव्याच्या जागी न्यावयाची होती. वाटेत पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली. टाकी रिकामी असेल, तर आतल्या हवेतील बाष्प थंडीने जमून पाणी होते. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलऐवजी ५ टक्क्यांपर्यंतचेच घेतले. एका जागी उभे राहून टायर चपटे होऊ नयेत, म्हणून त्यांतील हवेचा दाब वाढविला. हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावले, कारण ओढलेला ब्रेक ओलीने चिकटून बसतो. बॅटरीला तिचा भार कायम राखणारा लहान चार्जर जोडला. उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठून फुटते. छत कोरडे करून बंद ठेवले, कारण घडी घातलेल्या ओल्या कापडाला बुरशी लागते.

शेवटी आच्छादन घालण्याची वेळ आली. अण्णांनी सुचविले, "प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ. वाराच लागता कामा नये."

या सूचनेमागे हरिपूरची पेवे होती. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालील पेवांत हळद भरून तोंड लिंपून टाकीत, आणि ती वर्षानुवर्षे न किडता राही. २००५ च्या महापुरात त्या पेवांमध्ये पाणी शिरले, तेव्हा झालेली हानी अण्णांनी डोळ्यांनी पाहिली होती. मुलगा म्हणाला, "हळदीचे बरोबर आहे. पण लोखंड थंडीत गार पडते, बाहेरची हवा मात्र अधूनमधून उबदार होते, आणि गार पत्र्यावर दव धरते. प्लास्टिकखालून ते बाहेर जाणार नाही." म्हणून हवा खेळू देणारे कापडी आच्छादन घातले. दर पंधरवड्यास पाच मिनिटे इंजिन सुरू करावे, हा सार्वत्रिक समजही त्याने मोडून काढला. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, आणि पाच मिनिटांत इंजिन पुरेसे तापत नाही. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात राहते. झोपलेल्या गाडीला झोपू देणेच हिताचे.

खरा प्रश्न मात्र वेगळाच होता, आणि तो मागील वसंतातला होता. तोवर गाडी एका शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठारात भाड्याने ठेवली जात असे. मार्चअखेरीस इंजिन सुरू करण्यापूर्वी सूनबाईंनी सवयीने हवेच्या फिल्टरची पेटी उघडली, तर आत कापडाच्या चिंध्यांचे घरटे आणि डोळे न उघडलेली उंदराची पिले होती. उभयतांनी पेटी तशीच बंद केली. पिले मोठी होऊन निघून जाईपर्यंत तीन आठवडे गाडी हलविली नाही. एप्रिलचा कर व विमा फुकट गेला. पुढे कोठाराच्या मालकाने कळविले, की यंदा सर्वत्र विषारी गोळ्या ठेवणार आहे, धान्याचा प्रश्न आहे. त्याचे म्हणणे त्याच्या जागी रास्त होते. परंतु आपल्या वस्तूच्या रक्षणासाठी विष पसरले जावे, हे या घराला चालणारे नव्हते. कोठाराचे भाडे महिना ३० युरो होते, तर वस्तीतल्या बंदिस्त गॅरेजचे ७५. पाच महिन्यांचा फरक २२५ युरो.

अण्णांनी हा हिशेब ऐकला आणि प्रथमच तपशिलात लक्ष घातले. "फरक दे," ते म्हणाले, "आणि उंदराला येण्याचे कारणच ठेवू नकोस." मग गोदामातला अनुभव कामी आला. बैठकांखालचे खाऱ्या शेंगदाण्यांचे कण त्यांनी स्वतः वेचून काढले. गॅरेजच्या दाराखालील फट पट्टीने बुजविली. सायलेन्सरच्या तोंडावर आणि हवेच्या वाटेवर पोलादी बारीक जाळी बसविली. ही जाळी वसंतात काढण्याचे विसरू नये, म्हणून काय काय लावले याची यादी मराठीत लिहून स्टिअरिंगला बांधली.

परतण्यापूर्वी त्यांनी आपला निर्णय सांगितला. "ठेव गाडी. पण ज्या वर्षी हे दोन दिवस तुला काढता येणार नाहीत, त्या वर्षी ती विकायची. दुसऱ्याच्या हवाली करून बाळगायची नाही." मुलाने ते मान्य केले. सूनबाईंनी त्यात एका वाक्याची भर घातली, "आणि घरात दुसरी गाडी यायची नाही." अशा रीतीने त्या घरात वाहनाचे परिमाण ठरले.

आपल्याकडे बर्फ नसला, तरी पावसाळ्यात वा लांबच्या यात्रेच्या काळात वाहने दीर्घकाळ उभी राहतात. भारतात आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र मिळते. तेव्हा दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनात ओलाव्याचा विचार आपणासही करावयास हवा. आणि किल्ली फिरविण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. उबेसाठी आलेले मांजराचे पिलू, खार किंवा उंदीर तेथे असू शकतो. बॉनेटवर थाप मारावी, थोडे थांबावे, आणि मगच इंजिन सुरू करावे.