उंबरठा

मराठी भाषेने उंबरठ्याला फार मान दिला आहे. नवी सून माप ओलांडते ती उंबरठ्यावर. लक्ष्मीची पावले उमटतात ती उंबरठ्यापाशी. कामासाठी आपण कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. आणि हिरण्यकशिपूला मारण्यासाठी नरसिंहानेही जागा निवडली ती उंबरठ्याचीच! भाषा शिकवण्यात माझा जन्म चालला आहे, तेव्हा या शब्दावर मी तासभर सहज बोलेन. पण उंबरठ्याला उंची असते आणि दाराला रुंदी, हा धडा मात्र मला आईच्या वॉकरने दिला.

खुब्याचे हाड मोडल्यानंतर आई वॉकर घेऊन चालू लागली. वॉकरची रुंदी २४ इंच. आमच्या न्हाणीघराची चौकट बाहेरून ३० इंच. पण दोन्हीकडचे लाकूड आणि उघडल्यावरही वाटेत डोकावणारी दाराची फळी वजा केली, की वाट उरे पावणेचोवीस इंच. शिवाय पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन इंचांचा दगडी उंबरा. म्हणजे वॉकर बाहेर सोडायचा, भिंत धरायची आणि दुखरा पाय उचलायचा.

आईने कुरकुर केली नाही. तिने फक्त पाणी पिणे कमी केले. "हल्ली तहानच लागत नाही रे," असे म्हणे. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टरांनी खोदून विचारले, तेव्हा उलगडा झाला. पाणी कमी, म्हणजे त्या दाराशी जाणे कमी!

मी सुतार बोलावला. त्याने चौकटीला हातही लावला नाही. बाहेर उघडणारे दार केले, म्हणजे आत कोणी पडले तरी ते अडणार नाही; आणि वाकड्या बिजागऱ्या बसवल्या. त्यामुळे दार उघडताच फळी वाटेतून पार निघून जाते आणि तिच्या जाडीएवढी, सव्वा इंच, वाट वाढते. "सर, दार मोठं नाही झालं, नुसतं बाजूला झालं," तो म्हणाला. माणसांनाही हे जमले तर! गोल मुठीऐवजी त्याने दांडी लावली. ती कोपरानेही दबते. गवंड्याने उंबरा अर्ध्या इंचावर आणून कडा उतरती केली आणि फरशीचा उतार मोरीकडे वाढवला. बाहेरच्या चार इंचांच्या पायरीला चार फुटांचा उतार दिला. इंचाला फूट, हा त्याचा हिशेब.

चाकांच्या खुर्चीचे मात्र एवढ्याने भागत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी वाट ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, सांगितली आहे. नवे घर पाहायला जाल, तेव्हा दिवाणखान्याबरोबर न्हाणीघराचे दारही मोजा. म्हातारपण काही फक्त दुसऱ्यांच्या घरी येत नाही!

काम संपल्यावर चौथ्या दिवशी दुपारी आईने हाक मारली, "अरे, जरा पाणी दे बघू." मी पेला घेऊन गेलो.

"पेला कसला? तांब्या आण!" ती म्हणाली.